देवगिरीला 'अभेद्य' म्हणणं आता पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत सुट्टीत कुठे जायचं यावरचं जे पान आलं होतं त्यात देवगिरी उर्फ दौलताबादच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या. पहिली ओळ 'अभेद्य किल्ला', दुसरीत भुलभुलैया, तिसरीत तुघलकाचा वेडेपणा आणि चौथीत वेरूळला जाताना वाटेत करून घ्या. तुमच्या एकट्यावर राग नाही हो, मुंबईतून निघणाऱ्या टूरवाल्यांच्या पत्रकात पण हेच असतं, तिथले गाईड पण हेच बोलतात आणि आता रीलवाले पण त्याच चार ओळी मागे ढोल वाजवून ऐकवतात. पण अभेद्य म्हणजे काय ते एकदा ठरवूया का? यादवांकडून खिलजींकडे, मग तुघलक, मग बहमनी, मग निजामशाही, मग मोगल, मग हैदराबादचे निजाम आणि मध्ये पेशवे, एवढ्या हातांतून फिरलेला किल्ला अभेद्य कसा काय असेल.

आणि गंमत अशी की खडक खरंच अभेद्य होता. म्हणजे डोंगर चढून, भिंतीला शिड्या लावून, लढत लढत वर जाऊन कोणी तो घेतला असं जवळजवळ झालंच नाही. तरी तो पडत राहिला. कसा पडला हे जर तिथे येणाऱ्या माणसाला नीट सांगितलं तर तो किल्ला दहापट इंटरेस्टिंग होईल, माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यासाठीच हे लांबलचक पत्र.

आधी किल्ल्याबद्दल थोडं, कारण जाऊन आलेल्यांनाही पुष्कळदा कळत नाही की त्यांनी काय बघितलं. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमाराला इथे राजधानी केली. सपाट मुलुखातून एकदम वर आलेला साधारण दोनशे मीटर उंचीचा सुटा डोंगर, आणि त्याच्या खालच्या अंगाचा खडक सगळीकडून छिन्नी-हातोड्याने तासून सरळ उभा केलेला, चाळीस-पन्नास मीटरचा कडाच कडा. नैसर्गिक वाटतो पण नाहीये. त्याच्या पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक. आज आपण त्या खंदकावरून नव्या पुलाने टकाटक पलीकडे जातो, फोटो काढतो आणि पुढे. तिथे दोन मिनिटं थांबून खाली वाकून बघा. जुना दगडी पूल दिसेल आणि त्याचा मधला भाग दोन्ही बाजूंपेक्षा बराच खाली, पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असा. उगाच नाही केलेलं ते. खंदकातलं पाणी बांध घालून कमीजास्त करता यायचं, शत्रू आला की पाणी चढवायचं, मधला भाग बुडाला की पूल आहे आणि नाही पण. दार बंद करायला लाकूड-लोखंड लागतं, इथे नुसतं पाणी वापरलंय. ही एक गोष्ट शाळेच्या पोरांना दाखवली ना तर ती घरी जाऊन बालदीत करून बघतील.

पूल ओलांडला की अंधारी. खडकाच्या पोटातून वळत वळत वर जाणारा बोगदा, पायऱ्यांची उंची सारखी नाही, एक पाऊल छोटं पडतं दुसरं मोठं, मोबाईलचा टॉर्च लावला तरी पुढचं वळण कुठे ते कळत नाही आणि वर वटवाघळं, त्यांचा तो वास पुढे दोन दिवस शर्टातून जात नाही. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर निखारे पेटवायचे, की धूर आणि धग खाली बोगद्यात. गाईड लोक इथे टॉर्च विझवून किंकाळ्या वगैरे काढायला लावतात, मुलांना मजा येते, येऊ दे. पण मग लगेच वर चढायला सांगतात. आजूबाजूला जे महाकोट, अंबरकोट, कालाकोट असे एकात एक तट आहेत, दरवाजांवर हत्तीने धडक मारू नये म्हणून बसवलेले खिळे आहेत, आणि एक दरवाजा ओलांडला की समोर सरळ रस्ता न देता बाजूला वळवून पुन्हा तटाखाली आणून सोडणारी जी वाट आहे, हे सगळं एकाच वेळी एकाच राजाने केलं असं ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसतं. तासलेला खडक बहुतेक यादवांचा, पण तटांचं बरंचसं काम पुढच्या चार-पाचशे वर्षांत होत गेलंय. चांद मिनार बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला, दोनशे फुटांहून उंच. वरची बारादरी शाहजहानच्या काळातली. चिनी महालावर निळ्या फरशांचे तुकडे अजून कुठे कुठे चिकटलेले आहेत, तिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ नंतर कैदेत ठेवलं आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. जवळच बुरुजावर मेंढा तोफ, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं. तिच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढायची पद्धत आहे, असो.

आता पडण्याबद्दल.

१२९६. अलाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान पण नव्हता, दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई आणि उत्तरेतल्या कडा-माणिकपूर प्रांताचा सुभेदार. काही हजार घोडेस्वार घेऊन सासऱ्याला पत्ता लागू न देता तो एलिचपूरवरून थेट देवगिरीवर आला. रामचंद्रदेव यादवाचं मोठं सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलं. राजा गडावर चढून बसला. इथपर्यंत ठीक, गड मजबूत, मुलगा परत येईपर्यंत धीर धरायचा. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की घाईघाईत गडावर जी पोती चढवली ती कोकणातल्या व्यापाऱ्यांनी पायथ्याशी टाकून दिलेली होती, लोकांना वाटलं धान्य आहे, आणि उघडून बघितलं तर मीठ! फिरिश्त्याने हे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिलंय त्यामुळे जसंच्या तसं मानायचं का हा प्रश्न आहेच. पण मी मुलुंडला राहतो, आमच्याकडे हायवेच्या पलीकडे मिठागरं आहेत, त्यामुळे मला ही गोष्ट वाचली की राहवत नाही. कोकणातलं मीठ घाट चढून देशावर जायचं हा तर शेकडो वर्षांचा धंदा, बैलांच्या पाठीवर गोणी लादून लमाण नेत असत. म्हणजे यादवांचं राज्य वाचायचं की नाही हे जर खरंच पोत्यांवर ठरलं असेल तर ती पोती आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून गेलेली होती. हे एका तरी गाईडने मुंबईच्या ग्रुपला सांगावं!

मुलगा शंकरदेव परत आला, लढला, हरला. गडावर खायला नाही. जबर खंडणी देऊन तह झाला. खडकाचा एक टवका पण उडाला नव्हता. पुढे १३०७ च्या सुमाराला अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामचंद्रदेवाला दिल्लीला घेऊन गेला, तिथे मान देऊन परत पाठवलं. नंतर शंकरदेव मारला गेला, आणि रामचंद्रदेवाचा जावई हरपालदेव याने उठाव केला तर त्याला १३१८ मध्ये क्रूरपणे मारलं आणि यादवांचं राज्य संपलं.

मग निजामशाही. अहमद निजामशाहने गडाला वेढा देऊन बघितला, जमेना. मग काय केलं तर दरवर्षी पीक उभं राहिलं की फौज पाठवून आजूबाजूचा मुलूख लुटायचा, जाळायचा, आणि परत यायचं. अहमदनगर त्याने वसवलं ते पण जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध, त्यामागे हाही एक हिशोब होता असं सांगतात. काही वर्षं हे चाललं, गडाचा मालक वारला, आणि १४९९ मध्ये आतल्या लोकांनी गड देऊन टाकला. आपण बुरुज-तोफा बघतो, पण त्या किल्ल्याचं खरं नाक खाली शेतात होतं आणि ते दाबलं की वरचा श्वास बंद. ज्यांचं पीक दरवर्षी जळालं त्या आसपासच्या गावांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

१६३३ ला मोगल. मलिक अंबर जाऊन सात वर्षं झालेली, त्याचा मुलगा फत्तेखान किल्ल्यात. महाबतखानाने वेढा घातला, सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले, बाहेरून विजापूरवाले आणि शहाजीराजे वेढा उठवायचा, मोगलांची रसद तोडायचा प्रयत्न करत होते, ते काही जमलं नाही. आत दुष्काळ आणि रोगराई. चारेक महिन्यांनी फत्तेखानाने पैसे आणि शब्द घेऊन किल्ला सोडला. सुरुंगाने तट फुटले हे खरं, पण मुख्य खडकावर कोणी लढत चढला नाही, तो पोटाने आणि पैशाने गेला. निजामशाहीच्या लहान पोराला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात नेऊन टाकलं.

आणि १७६० ला उदगीरच्या लढाईत निजाम हरल्यावर हा किल्ला पेशव्यांकडे आला. तहात! लढाई झाली उदगीरला, कागद झाला, किल्ला आला. असे किल्ले येतात-जातात हे आपल्या डोक्यात बसतच नाही कारण आपल्याला फक्त घोरपड लावून वर चढलेले मावळे आवडतात.

तुघलकाबद्दल थोडक्यात लिहितो कारण त्यावर सगळेच बोलतात. १३२७ ला त्याने राजधानी इथे आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं. सगळी दिल्ली आंधळ्या-पांगळ्यांसकट उठवून आणली ही गोष्ट ऐकायला भारी आहे, पण आणले ते मुख्यतः सरदार, सैनिक, मौलवी, सूफी, कारभारी लोक. दख्खनवर राज्य करायचं तर दिल्लीतून होत नाही हे त्याचं गणित अगदीच येडपट नव्हतं, अंमलबजावणी मात्र भयंकर. पण त्यातून झालं काय ते बघा ना, बुऱ्हानुद्दीन गरीबसारखे सूफी आले ते इथेच राहिले, त्यांचा दर्गा शेजारी खुलताबादला आहे, आणि दख्खनच्या अमीरांनी बंड करून १३४७ ला इथेच बहमनी राज्य उभं केलं, म्हणजे ज्या किल्ल्यातून तुघलकाला दख्खन ताब्यात ठेवायचं होतं तिथूनच दख्खन गेलं. तुघलकाच्याच काळात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येऊन गेला. त्याने गडावरच्या तुरुंगातल्या उंदरांबद्दल लिहिलंय, मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना घाबरतात. दादर मार्केटमध्ये रात्री फिरलेल्या माणसाला यात खोटं काही वाटणार नाही. त्याने शहरातल्या गायक-गायिकांच्या वेगळ्या बाजाराचं पण वर्णन केलंय. नुसता वेडेपणा असता तर एवढं नांदतं शहर तिथे दिसलं नसतं.

शिवाय आपल्या जवळची दोन माणसं. लखुजी जाधवराव, जिजाऊंचे वडील, यांना १६२९ च्या जुलैमध्ये याच किल्ल्यात निजामशाहच्या दरबारात मुलांसकट कापून काढलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जेमतेम सात महिने आधी. शिवनेरीवर गरोदर असलेल्या लेकीला ही बातमी कळली असेल तेव्हा काय झालं असेल, हे वाक्य मी इथे लिहून सोडून देतो. आणि दुसरे जनार्दनस्वामी, एकनाथ महाराजांचे गुरू, निजामशाहीत याच गडाचे किल्लेदार होते, वर त्यांची गुहा आहे. पैठणहून लहान वयात नाथ इथे शिकायला आले ते याच पायऱ्या चढून. वारकरी मंडळी डोकं टेकायला वर जातात, टूरची बस मात्र तिथपर्यंत पोचायच्या आत शिट्टी वाजवते.

टूरची बस म्हणजे काय ते सांगतो. आमच्या सोसायटीतल्या काही मंडळींबरोबर गेलो होतो, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण सगळ्यांचं असंच आहे. संभाजीनगरहून नाश्ता करून निघायचं, दौलताबाद पाऊण तास, मग वेरूळ, घृष्णेश्वर, जेवण, खुलताबाद, संध्याकाळी बीबी का मकबरा आणि मग पैठणीच्या दुकानात दीड तास. दुकानाला दीड तास आणि किल्ल्याला पाऊण! साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पाऊण तासात धडधाकट माणूस धावत पण वरून जाऊन येणार नाही. त्यामुळे निम्मे लोक चांद मिनारापाशी सरबत पीत बसतात आणि उरलेले अंधारीच्या तोंडापर्यंत जाऊन परत. माझ्या शेजारचे काका परतताना म्हणाले, काही विशेष नाही हो, रायगडासारखं वाटत नाही. कसं वाटणार.

गेल्या वर्षी जुलैत म्हणजे २०२५ ला मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, आनंद आहे, त्यात रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर आहेत आणि तामिळनाडूतला जिंजी पण आहे. देवगिरी त्यात नाही, असायचं कारणही नाही, ती यादी मराठा लष्करी व्यवस्थेची. पण त्याचा परिणाम असा होतोय की मुंबईतल्या ट्रेकच्या ग्रुपपासून शाळेच्या सहलींपर्यंत सगळे तेच बारा करत सुटलेत आणि महाराजांच्या आधीचा जो महाराष्ट्र आहे, यादवांचा, हेमाद्रीचा म्हणजे आपल्या हेमाडपंताचा, ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्राचं नाव येतं त्याचा, तो कुणाच्याच वाटेवर येत नाही. मुंबईकरांना तर वाटतं त्यांचा आणि यादवांचा संबंध काय. बोरिवलीला एक्सरला जे वीरगळ आहेत ना, दगडावर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रातली लढाई कोरलेली, ते एकदा बघून या. महादेव यादवाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराला समुद्रावर हरवलं, सोमेश्वर बुडाला, त्याच लढाईचं हे चित्र असं काही अभ्यासक मानतात, काही ते त्याहून जुने धरतात. पण देवगिरीच्या राजाने १२६५ च्या सुमाराला उत्तर कोकण, म्हणजे आपलं साष्टी-ठाणं, घेतलं यात वाद नाही. सहल बोरिवलीतून सुरू करून देवगिरीला संपवली तर किती छान होईल, एखाद्या शाळेने करून बघावी.

माझं मागणं फार नाही. खंदकावरच्या पुलाशी, अंधारीच्या आधी, तटाच्या फुटलेल्या भागाशी आणि वर धान्याची कोठारं आहेत तिथे, अशा चार-पाच ठिकाणी मराठीत पाटी हवी, तारखांची जंत्री नको, इथे काय व्हायचं ते लिहा, पाणी कसं चढवायचे, धूर कसा सोडायचे, वेढ्यात किती दिवसांनी काय संपायचं. तिकीट खिडकीवर एक साधा नकाशा, कुठलं काम कुठल्या काळातलं ते वेगवेगळ्या रंगात. गाईडना हंगाम सुरू व्हायच्या आधी एखाद्या अभ्यासकाबरोबर गडावर फिरवून आणायला काय हरकत आहे, त्यांच्याकडे गोष्ट सांगायची कला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, माल चांगला द्या म्हणजे झालं. वेरूळचा रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून जातो तिथे सुट्टीच्या दिवशी बसेस अडकतात, हॉर्न वाजवत दगडाला घासून जातात, त्याचाही बंदोबस्त बघावा.

आणि टूरवाल्यांना विनंती की सकाळचा अख्खा अर्धा दिवस द्या. जे स्वतःच्या जबाबदारीवर जाणार त्यांनी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरावी, पहाटे संभाजीनगरला उतरवते, चहा घेऊन किल्ला उघडताना दारात हजर राहता येतं, ऊन चढायच्या आत वर पोचता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, मे महिन्यात कृपया जाऊ नका, तो काळा दगड तापला की तळपाय भाजतात. पाणी घरून न्या, टॉर्च मोबाईलचा न घेता वेगळा घ्या, गुडघे दुखत असतील तर अंधारीपर्यंतच जा पण पुलावरून खाली वाकून बघायला विसरू नका, आणि परत आल्यावर गाईडने मिठाच्या पोत्यांचं सांगितलं की नाही ते मला या पानावर कळवा.

आपला,
एक वाचक,
मुलुंड पूर्व, मुंबई